बायकांचा कारखाना

माझी वहिनी विर्तुदेस आमच्या घरात आली ती शिवणयंत्र घेऊन. आमच्या मोंतालारमधल्या पोरी लग्नात चादरी, भांडीकुंडी आणायच्या. हिने बापाकडून मागून घेतलं होतं ते काळं, जड, चामडं शिवायचं यंत्र. माझा भाऊ एलिसेओ आणि तिचा भाऊ ते जिन्यावरून वर चढवताना घामाघूम झाले. आई दारात उभी राहून म्हणाली, "सून येणार होती ना? हा कारखाना कुठून आला?"

"दोन्ही एकदमच आलेत," विर्तुदेस म्हणाली. "जागा तेवढी दाखवा."

जागा स्वयंपाकघरातच होती. मोंतालारमध्ये सगळ्यांच्या स्वयंपाकघरात तीच जागा असायची. आमच्या गावात जोडे करतात, दुसरं काही करत नाहीत. पुरुष कारखान्यात चामडं कापायचे, तळवे ठोकायचे. जोड्याचा वरचा भाग शिवायचं आणि चिकटवायचं काम बायका घरी करायच्या. सकाळी कारखान्याची गाडी दारात कापलेल्या चामड्याची पिशवी टाकून जायची आणि संध्याकाळी शिवलेलं उचलून न्यायची. आमचं नाव कारखान्यात कुठेच नसायचं. विमा नाही, सुट्टी नाही. ओळखपत्रावर धंदा म्हणून 'घरकाम' लिहिलेलं. कुणी विचारलंच तर आम्हीही म्हणायचो, "काही नाही हो, घरीच असते."

मी लग्न केलं नाही. आई, भाऊ, वहिनी आणि मी असे चौघं राहायचो. विर्तुदेस शिवायची आणि मी शेजारी बसून चामडं चिकटवायचा उग्र वासाचा रासायनिक डिंक लावायची. ती यंत्रावर असली की बोलायची नाही. हातातलं संपलं की मात्र बोलायची, आणि तेव्हा आईसुद्धा गप्प बसून ऐकायची. आईला मोठ्याने बोललेलं आवडायचं नाही. माझे वडील देशातल्या यादवी युद्धात हरलेल्यांच्या, म्हणजे प्रजासत्ताकवाल्यांच्या, बाजूला होते, त्यामुळे युद्ध संपल्यावर तुरुंगात गेले आणि परत आले ते खोकला घेऊन. तेव्हापासून आमच्या घरात खिडकी लावल्याशिवाय कोणी राजकारणाचा शब्द काढत नसे.

ज्या हिवाळ्यात हुकूमशहा फ्रांको गेला, त्याच हिवाळ्यात माझे पाय गेले.

थंडी कडक होती. टेबलाखाली निखाऱ्यांची शेगडी, खिडक्या घट्ट बंद, आणि टेबलावर डिंकाचा डबा उघडा. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, थंडीने येत असतील. मग पायातली चप्पल कधी निसटली ते कळेनासं झालं. एक दिवस जिना उतरताना पाय खाली टेकला आणि तो माझा नाहीच असं वाटलं. मी खालपर्यंत गडगडत गेले. टीव्हीवर फ्रांकोच्या जागी नव्या राजाने शपथ घेतली तेव्हा सगळी आळी आमच्याकडे उभं राहून बघत होती. मी एकटी खुर्चीत होते, कारण मला उभंच राहता येत नव्हतं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर ठोकून पाहिलं, मग स्वयंपाकघरात जाऊन डबा हुंगला. "ह्या डिंकाने झालंय," ते म्हणाले. "ह्या खोऱ्यात तू पहिली नाहीस. आता ह्याच्याजवळ फिरकायचंसुद्धा नाही. पाय येतील परत, पण पूर्ण येतील असं सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी विर्तुदेसने एलिसेओला सांगितलं, "तिला पाठीवर घे. आपण कारखान्यात जातोय."

एलिसेओ त्याच कारखान्यात कापायला होता. "वेडी झालीस का? मालकासमोर हिला पाठीवर घेऊन जाऊ?"

"मग काय पिशवीत घालून नेऊ?"

मालकाचं नाव बाल्दोमेरो. तसा माणूस वाईट नव्हता. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा, गावच्या जत्रेत स्वतःच्या खर्चाने वाजंत्री आणायचा. त्याने मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मग विर्तुदेसचं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "पण ही माझ्याकडे कामाला कधी होती?"

"तुमच्याच पिशव्या चिकटवत होती ती."

"पिशव्या तर मी गावभर पाठवतो, पोरी. म्हणून काय सगळा गाव माझ्या नोकरीत आहे?"

एलिसेओने हातातली टोपी पिळली. "माफ करा, मालक. घरात दुखणं आहे, म्हणून ही जरा..."

"तू कशाला माफी मागतोस?" विर्तुदेस त्याला म्हणाली. मग मालकाकडे वळली. "ती तुमची कामगार नाही म्हणता. ठीक आहे. मग एक दिवस ती तुमची कामगार होती असं तुम्हाला कबूल करावं लागेल. मी ते करून घेईन."

मालक हसला नाही, रागावलाही नाही. दार उघडून धरलं आणि आईची तब्येत कशी आहे म्हणून विचारलं. मला वाटतं, विर्तुदेसला लागलं ते हेच. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी गाडी आली तेव्हा तिने डिंकाचा डबा गाडीवाल्याच्या हातात ठेवला. "शिवून देईन. चिकटवणार नाही. ते काम कारखान्यात करून घ्या, जिथे हवा आहे तिथे."

"मग पिशवी येणार नाही," गाडीवाला म्हणाला.

"नको येऊ दे."

आणि खरोखरच आली नाही. तिने बदाम झोडपायचं काम केलं, ऑलिव्ह वेचले, हॉटेलातली धुणी धुतली. आई रोज कुरकुरायची. आळीतल्या बायका म्हणायच्या, "एवढा ताठा चांगला नव्हे, विर्तुदेस." ती त्यांना माझे पाय दाखवायची. मला लाज वाटायची. मी मोजे ओढून घ्यायची तर ती म्हणायची, "झाकू नकोस. बघू दे." हळूहळू दोघी-तिघींनी डबे खिडकीबाहेर ठेवले. मग आणखी काही जणींनी. मोठं काही घडलं नाही, पण संध्याकाळी गाडी आमच्या आळीत पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबायला लागली. दारादारात वाद व्हायचे.

दीड-दोन वर्षं अशी गेली. तोवर देश आमच्या डोळ्यांदेखत बदलला. ज्या पक्षांचं नाव आई कुजबुजतसुद्धा नसे त्यांची पत्रकं भिंतीवर लागली. आम्ही आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं. आईने त्या दिवशी लग्नातले कानातले घातले आणि कुणाला मत दिलं ते मरेपर्यंत सांगितलं नाही. कामगार संघटना उघडपणे सभा घ्यायला लागल्या, आणि त्याच उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्या खोऱ्यातले जोड्यांचे कारखाने संपावर गेले.

सभा फुटबॉलच्या मैदानावर भरायची. मी एव्हाना दोन काठ्यांवर चालत होते. विर्तुदेस मला घेऊन पुढे जाऊन बसली. मागण्यांवर मतदान सुरू झालं तेव्हा मंचावरच्या माणसाने कर्ण्यातून सांगितलं, "घरून काम करणाऱ्या बायकांनी कृपया कडेला थांबावं. मत फक्त कामगारांचं."

विर्तुदेस उठली. मागून कुणीतरी ओरडलं, "घरी जा गं! भात करपला असेल!"

हशा पिकला. ती हशा संपेपर्यंत थांबली. मग त्या आवाजाच्या दिशेने म्हणाली, "भात तुझ्या बायकोने ठेवलाय, पास्कुआल. तुझ्या पायातला जोडाही तिनेच शिवलाय. तो घालून तू इथे मत द्यायला आलास. तिने कडेला थांबायचं?"

आता हशा पास्कुआलवर होता. पण विर्तुदेस हसली नाही. तिने मला उभं केलं. हजारो माणसं, ऊन डोक्यावर, आणि मी काठ्या टेकून उभी. "ही माझी नणंद, कासिल्दा," ती म्हणाली. "चौदाव्या वर्षापासून जोडे चिकटवतेय. मालक म्हणतो, ही कामगार नाही. मालकाचं मी समजू शकते. पण तुम्हीही तेच म्हणणार असाल, तर तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय, तो मला कर्ण्यातून सांगा. म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल."

मंचावरच्या माणसाने कर्णा खाली ठेवला. मग कडेच्या बायका आत यायला लागल्या, कुणी न बोलावता. त्या दिवशी घरच्या बायकांना विमा मिळावा ही मागणी यादीत गेली आणि त्यांनीही हात वर केले.

संपाने सगळं मिळालं असं सांगणं खोटं होईल. कागदावर पुष्कळ मिळालं, प्रत्यक्षात थोडं. पण बाल्दोमेरोला बऱ्याच शिवणाऱ्या बायका आत घ्याव्या लागल्या, त्यात विर्तुदेस होती. तिला पहिल्यांदा विम्याचं कार्ड आलं. आईने ते देवमातेच्या तसबिरीमागे खोचून ठेवलं. मला मात्र घेतलं नाही. "तिचं बघू," मालक म्हणाला, आणि ते बघू तसंच राहिलं.

मग महागाई आली. पेट्रोल, चामडं, पगार, सगळंच चढलं. जे अमेरिकन व्यापारी आमचे जोडे जहाजं भरभरून न्यायचे ते आता दुसऱ्या देशांतून स्वस्तात न्यायला लागले. खोऱ्यातला एकेक कारखाना मिटत गेला. ज्या वर्षी गावाने पहिल्यांदा स्वतःचा नगराध्यक्ष निवडला, त्याच वर्षी ऑगस्टच्या सुट्टीनंतर लोक कामावर गेले तर बाल्दोमेरोच्या फाटकाला साखळी होती. आधीचे पगार थकलेले, आणि मालक गावात नाही.

एलिसेओने फ्रान्समध्ये तुलूझला असलेल्या आमच्या मावसभावाला पत्र टाकलं. तिथे बांधकामावर माणसं हवी होती. "इथे आता काही उरलं नाही," तो म्हणाला. "तूही चल."

"यंत्रं उरलीत," विर्तुदेस म्हणाली. "आतच आहेत."

"ती काय आपली आहेत?"

"मग कुणाची आहेत ते त्याला येऊन सांगू दे."

मालक आला नाही, त्याचा ट्रक आला. सप्टेंबरातली दुपार होती, सगळा गाव जेवून पडलेला. विर्तुदेस गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिला कारखान्याच्या मागच्या दारापाशी ट्रक लागलेला दिसला आणि ती ओले हात घेऊन तशीच धावत सुटली. जाता जाता दारं बडवत गेली: "यंत्रं नेतायत! उठा! यंत्रं नेतायत!" मी पोचले तोवर मागच्या दारासमोर रस्त्यावर बायका बसल्या होत्या. कुणाच्या अंगावर घरातला झगा, कुणाच्या केसांना गुंडाळ्या. पुरुष भिंतीशी उभे. विर्तुदेस ट्रकच्या तोंडासमोर. ट्रकवाला बिचारा परगावचा, सिगरेट पेटवून म्हणाला, "मला फक्त भाडं मिळालंय, बाई. तुम्ही उठलात तर जातो, नाही तर बसतो."

"बसा ना," ती म्हणाली. "खरबूज आणायला सांगू का?"

मग पोलीस शिपाई आले, पुढे त्यांचा सार्जंट. भिंतीजवळचे पुरुष आपोआप थोडे मागे सरकले. एलिसेओ मागे सरकला नाही, तेवढं मी पाहिलं.

"उठा," सार्जंट म्हणाला.

"कुठल्या हुकमाने?" विर्तुदेसने विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं.

सार्जंटने कपाळ पुसलं. हुकूम त्याच्याकडे नव्हता आणि तो कुणाकडून घ्यायचा हेही त्या दिवसांत नक्की राहिलं नव्हतं. तो वाकून तिला हळूच म्हणाला, "पाच वर्षांपूर्वी असतं ना बाई, तर मी विचारलंही नसतं."

"पाच वर्षांपूर्वी आम्हीही बसलो नसतो," ती म्हणाली.

तो सरळ झाला. मग ट्रकवाल्याला म्हणाला, "घे मागे." ट्रक मागे गेला तेव्हा कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. आम्हाला विश्वासच बसत नव्हता.

पुढचे महिने कोर्टात गेले. शेवटी थकलेल्या पगाराच्या बदल्यात यंत्रं कामगारांच्या नावावर झाली. सही करायला बाल्दोमेरो आला तेव्हा म्हातारा दिसत होता. विर्तुदेसला म्हणाला, "तुला वाटतं, मी हौसेने बंद केला? मी आयुष्य घातलं त्यात. तुम्हीही वर्षभरात बंद कराल."

"मग वर्षभर तरी चालेल," ती म्हणाली.

यंत्रं मिळाली, पण चामडं आणायला पैसा नव्हता. सगळ्यांनी मिळून संस्था काढली आणि अध्यक्ष म्हणून विर्तुदेसला निवडलं. कर्जासाठी ती बँकेत गेली. मी बरोबर होते. बँकेचा मॅनेजर गोड माणूस, केस चापून बसवलेले. सगळे कागद पाहून झाल्यावर म्हणाला, "छान, छान. आता उद्या नवऱ्याला घेऊन या, म्हणजे सही करून टाकू."

"नवऱ्याची सही कशाला? तो कायदा गेला."

"गेला, हो, गेला. मला ठाऊक आहे. पण आपलं एक समाधान असतं ना, सेन्योरा. घरच्या माणसाला माहीत असलेलं बरं."

"त्याला माहीत आहे. मी अध्यक्ष आहे, सही माझी."

"उद्या या. दोघं या."

विर्तुदेस समोरच्या खुर्चीत नीट बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मी थांबते." तिच्यामागची माणसं कामं करून गेली. मॅनेजर आत गेला, बाहेर आला, कॉफी प्यायला गेला, परत आला. ती तिथेच. कुणी ओळखीचं आलं की मोठ्याने सांगायची, "बसलेय गं. साहेबांना माझ्या नवऱ्याचं समाधान हवंय." बँक बंद व्हायची वेळ झाली तेव्हा दारातून एलिसेओ आत आला. मॅनेजरचा चेहरा उजळला. "आलात! या, या, इथे सही करा."

एलिसेओने टोपी काढली. "सही करायला नाही आलो," तो म्हणाला. "भात तयार झालाय, ते सांगायला आलोय. हिची सही झाली की पाठवून द्या." आणि टोपी घालून निघून गेला.

मला माझ्या भावाचा एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. मॅनेजरने पेन विर्तुदेसपुढे सरकवलं.

घरी भात तयार नव्हताच. एलिसेओ स्वयंपाकघरात तुलूझचं पत्र हातात घेऊन बसला होता. विर्तुदेस म्हणाली, "मला कापणारा हवाय. ह्या खोऱ्यात तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. नवरा म्हणून नाही सांगत."

"आणि नवरा म्हणून?"

"नवरा म्हणून तू घोरतोस. पण चालवून घेईन."

तो तुलूझला गेला नाही.

संस्था सुरू झाली. गावाने तिला नाव दिलं 'बायकांचा कारखाना'. निम्मे पुरुष होते तरी. चेष्टा म्हणून दिलं होतं, पण आम्हाला आवडलं. विर्तुदेसने पहिला ठराव आणला तो डिंकाचा: चिकटवायची टेबलं मोठ्या खिडक्यांशी, वर हवा ओढणारे पंखे, आणि कुणीही डिंक घरी न्यायचा नाही. दुसऱ्या ठरावाने मला कामावर घेतलं. शिवलेलं तपासायचं, बसून करायचं काम. त्या दिवशी मी माझ्या ओळखपत्रावरचं 'घरकाम' बदलून घ्यायला गेले. कारकून म्हणाला, "काय लिहू?" मी वळून बघितलं. मागून विर्तुदेस म्हणाली, "लिहा, जोडे करते."

वर्ष झालं आणि आम्ही बंद पडलो नाही. मग तो फेब्रुवारीतला सोमवार आला.

फ्रान्सला जोडे जायचे होते म्हणून संध्याकाळी सगळे कामावर होते. रेडिओवर माद्रिदच्या संसदेतलं मतदान चालू होतं, एकेका खासदाराचं नाव पुकारत होते. एकदम आरडाओरडा झाला, मग गोळ्यांचा आवाज, मग काहीच नाही. नुसतं लष्करी संगीत. यंत्रं एकेक करून थांबली. थोड्या वेळाने वालेन्सियातल्या सेनापतीचा हुकूम वाचायला लागले: संघटनांना बंदी, संपाला बंदी, रात्री नऊनंतर रस्त्यावर कुणी दिसता कामा नये. लष्करातल्या काहींनी बंड केलं होतं, वालेन्सियाच्या रस्त्यांवर रणगाडे आले होते आणि आमचा सगळा प्रांत त्याच सेनापतीच्या हाताखाली होता.

कुणीतरी सभासदांची नावं असलेले कागद काढून जाळायला निघालं. पास्कुआल, तोच भात करपलेला पास्कुआल, आता आमच्यात होता. तो म्हणाला, "मी पाटी काढतो दारावरची."

"पाटी राहू दे," विर्तुदेस म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती घाबरली नव्हती असं नाही. पण आवाज सरळ होता. "कागद जाळायचे असतील तर जाळा, मी अडवत नाही. प्रत्येकाच्या घरी पोरंबाळं आहेत. नऊच्या आत सगळे घरी पोचा."

"आणि उद्या?" कुणीतरी विचारलं.

"उद्या सातला मी दार उघडणार. ज्याला यायचं त्याने यावं. नाही आला तर त्याला कुणी काही म्हणणार नाही."

घरी आई चुलीपुढे बसून वडिलांचे उरलेसुरले फोटो आगीत घालत होती. आम्ही तिचे हात धरले. "त्यांनाही असंच संध्याकाळी नेलं होतं," ती म्हणत राहिली. "दार वाजलं आणि नेलं." एलिसेओ म्हणाला, "विर्तुदेस, आपण डोंगरात मामाकडे जाऊ. दोन दिवस. नुसते दोन दिवस."

"गेलो तर दोन दिवसांनी परत यायला जागा असेल?" ती म्हणाली. मग आईच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिचा हात हातात घेऊन तशीच राहिली. मी तिला कधीच कुणाला जवळ घेताना पाहिलं नव्हतं.

मध्यरात्र उलटून गेल्यावर राजा टीव्हीवर आला आणि म्हणाला की तो घटनेच्या बाजूने आहे. पहाटेपर्यंत रणगाडे परत गेले. माझी आई, जिच्या नवऱ्याने प्रजासत्ताकासाठी तुरुंग भोगला, डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे शेवटी राजानेच वाचवलं म्हणायचं."

"बोलला ते बरंच झालं," विर्तुदेस कोट घालत म्हणाली. "पण तो काही आपलं दार उघडायला येणार नाही."

सातला आम्ही तिघं फाटकाशी होतो. रस्ता रिकामा. तिने कुलूप काढलं, दिवे लावले, यंत्रावर बसली आणि सुरू केलं. एकट्या यंत्राचा आवाज रिकाम्या कारखान्यात फार मोठा वाटतो. मग पास्कुआलची बायको आली, मागोमाग पास्कुआल. मग दोघी, मग पाच-सहा. जो तो आपापल्या जागी जाऊन बसला. दुपारपर्यंत जवळजवळ सगळे होते. दोघी मात्र परत कधीच आल्या नाहीत. विर्तुदेसने शब्द पाळला, त्यांना कधीच कुणी काही म्हटलं नाही. फ्रान्सचे जोडे त्या आठवड्यात गेले.

पुढे देश युरोपातल्या देशांच्या संघात गेला, सीमेवरची जकात उतरली, आणि आमची चांगली वर्षं आली. नंतर तितकीच वाईट आली. अर्ध्या किमतीचे जोडे लांबून, समुद्रापलीकडून यायला लागले. आम्ही टिकायचं तेवढं टिकलो. पण जेव्हा एका सभेत विर्तुदेसने उभं राहून सांगितलं की आता थांबायला हवं, तेव्हा फाटकाला साखळी पडली नव्हती. प्रत्येकाचा पगार झाला होता, प्रत्येकाचा विमा भरलेला होता. बाल्दोमेरोला एक वर्ष वाटलं होतं. आम्ही सतरा चालवला.

आई गेली. एलिसेओ गेला, झोपेत, शांतपणे. माझ्या पायांचं दुखणं कामाचंच होतं असं शेवटी एका कोर्टाने लिहून दिलं. तोवर माझे केस पांढरे झाले होते आणि बाल्दोमेरो कबरीत होता. विर्तुदेस निकाल ऐकून म्हणाली, "उशीर केला. पण कबूल केलं." तेवढंच. मग मला आइस्क्रीम खायला घेऊन गेली.

आता ती ऐंशीच्या जवळ आहे. मोंतालारमध्ये पिशव्या पुन्हा फिरायला लागल्यात. गाडी आता नव्या रंगाची आहे, जोड्याचा वरचा भाग शिवणाऱ्या मुली नव्या आहेत, काही तर दुसऱ्या देशांतून आलेल्या. नाव पुन्हा कुठेच नाही. मागच्या आठवड्यात तिने मला हाक मारली, "चप्पल घाल, जायचंय." आम्ही एकमेकींना धरून एका इमारतीचे तीन मजले चढलो. दार उघडलं एका तरुण पोरीने. हातात चामडं, मागे रडणारं मूल.

"काय हवंय, आजी?" ती म्हणाली. "मी काही कामबिम करत नाही हं. घरीच असते."

"माहीत आहे मला," विर्तुदेस म्हणाली आणि सरळ आत जाऊन खुर्ची ओढून बसली. "आधी बाळाला घे. मग सांग, ह्या जिन्यात अजून कोण कोण घरीच असतं?"